निळ्या फाइलीतली सतरा मुलं

१

गुरुवारी सकाळी साडेसहाला वेवा मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत बसली होती, तेव्हा युनिसीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात काठी नव्हती. युनिसीबाईंना दिसत नाही, पण या शाळेत त्यांची अकरा वर्षं गेली आहेत आणि अंगणातले आठही खांब त्यांना पावलांनी पाठ आहेत. तरी काठी त्या कधी विसरत नसत. आज विसरल्या होत्या.

"वेवा, कपाट रिकामं आहे."

"कुठलं?"

"माझं. सोमवारी दुपारी होती, आज निळी फाइल नाही. तिच्या खालचा ब्रेलच्या ठिपक्यांचा गठ्ठाही नाही. हात घातला तर नुसती फळी लागली."

वेवानं कणीस खाली ठेवलं. घाबरल्याचं तिनं आवाजात येऊ दिलं नाही. युनिसीबाईंना तोंड दिसत नसलं तरी आवाजातून सगळं कळतं, हे ती ओळखून होती.

पेद्रा मान्सा गावातल्या या नगरपालिका शाळेत सतरा मुलं अशी होती, की ती सकाळी आपापल्या वर्गात बसायची आणि दुपारी युनिसीबाईंच्या खोलीत यायची. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचे हात वळत नव्हते, कुणाला चारचौघांचा गलका सोसत नव्हता. मेच्या शेवटच्या बुधवारी देशभरातल्या शाळांची मोजणी होते, आणि त्या मोजणीत हे प्रत्येक मूल दोनदा धरलं जातं, एकदा वर्गासाठी आणि एकदा या खोलीसाठी. त्या दुसऱ्या आकड्यावर सरकार खोलीचा खर्च देतं, म्हणजे युनिसीबाईंचा पगार, ठिपके उठवायचं यंत्र आणि मुलांची चित्रांची कार्डं. मात्र मोजणीच्या आधी प्रत्येक मुलाच्या शिकण्याचा आराखडा तयार हवा, त्यावर पालकाची सही हवी, आणि तपासनीस आला की तो दाखवता यायला हवा. ते सतरा आराखडे निळ्या फाइलीत होते.

तपासनीस उद्या, शुक्रवारी दुपारी तीन वाजता येणार होता.

"कॉम्प्युटरमध्ये असेल ना?" वेवानं विचारलं.

"तो एप्रिलमध्ये वीज पडली तेव्हाच जळला. आणि सह्या कुठून आणू?"

ओट्याशेजारी दाल्वा कणसांच्या साली एकसारख्या रचत बसली होती. दाल्वा वेवाची नात, दहा वर्षांची. ती बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती दिवसभर याच ओट्याखाली बसून असायची. आता तिच्या कमरेला कार्डांची पिशवी असते. पाणी हवं असलं तर पाण्याचं चित्र, मका हवा असला तर मक्याचं. फक्त एक लाल कार्ड होतं, तळहाताचं, 'नाही' असं सांगणारं, ते तिनं अजून एकदाही काढलं नव्हतं. कुणीही हात धरला की दाल्वा त्याच्यामागे चालू लागायची. वेवाची झोप उडायची ती नेमकी याच गोष्टीनं.

"काय झालं गं?" मोठ्या बाई आत आल्या. मार्लुसेबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या पार दक्षिणेतल्या, पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आलेल्या. स्वभावानं मऊ. सकाळचं मक्याचं कुसकुस काही अजून त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, त्यांना पावच लागायचा, म्हणून वेवा त्यांच्यासाठी रोज दोन पाव बाजूला ठेवायची.

ऐकता ऐकता मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा! आता उद्या काय दाखवायचं? पण आरडाओरडा नको हं, मावशी. उद्या जत्रा आहे शाळेची. आईबापांना कळलं तर घबराट होईल."

"होऊ दे की," वेवा म्हणाली. "घाबरायचं त्यांनी घाबरावं. फाइल काय पाय फुटून गेली?"

ती तावातावानं अंगणात आली. उद्याच्या सांत जोआंवच्या, म्हणजे जूनमधल्या संताच्या जत्रेसाठी सगळं अंगण कागदी पताकांनी भरलं होतं. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या पताकांच्या माळा या खांबापासून त्या खांबापर्यंत गेल्या होत्या. मधोमध लाकडं रचलेली होती. उद्या सूर्य बुडताना होळी पेटणार आणि रीतीप्रमाणे सगळ्या पताका उतरवून तिच्यात टाकणार. तिसऱ्या खांबावर मुंग्यांची रांग चढत होती. "मेल्यांनो, कुणी गोड सांडलं इथं?" म्हणत वेवानं कमरेच्या फडक्यानं रांग झाडली आणि ती गेटकडे वळली.

२

गेटवर अगेनोरदादा खुर्ची टाकून बसले होते.

"दादा, सोमवारपासून कुणाच्या पिशवीतून काही गेलं?"

"मावशी, नियम तूच केलास ना? गेल्या वर्षी तांदळाची गोणी चालत बाहेर गेली, तेव्हा नगरपालिकेत जाऊन टेबल कुणी बडवलं? तेव्हापासून माझी बायको डबा घेऊन आली तरी मी उघडून बघतो. मोठ्या बाईंची पर्ससुद्धा. रोज माफी मागतो आणि बघतो."

"कागद गेले असतील? सतरा?"

"सतरा कागद सदऱ्याआड जातील. मी काय लोकांचे सदरे काढू?"

"आणि युनिसीबाईंचा ठिपक्यांचा गठ्ठा? मुलामागे चार, असे अडुसष्ट जाड कागद. चार बोटं जाडी."

अगेनोरदादा हसले. "तो पोटाशी बांधून नेला असता, तर नेणारा नऊ महिन्यांचा पोटुशी दिसला असता. तसं कुणी दिसलं नाही बुवा. आणि किल्ली म्हणशील तर ती कचेरीतल्या खिळ्यावर टांगलेली असते. कुणीही घ्यावी."

वेवा थबकली. म्हणजे शाईचे कागद बाहेर गेले असतील, पण गठ्ठा शाळेतच होता. जाळला म्हणावं तर धूर दिसला असता. कचऱ्याचे डबे ती स्वतः उपसायची. तो कुठंतरी इथंच दडलेला होता.

आणि त्या गठ्ठ्यातच जीव होता. युनिसीबाईंची एक रीत होती. प्रत्येक आराखडा आधी त्या स्वतः ठिपक्यांत लिहायच्या, आणि आईची सही त्याच कागदावर घ्यायच्या. "मला वाचता येतं त्याच कागदावर सही द्या," त्या म्हणायच्या, "नाहीतर मी कशावर सही घेतली ते मलाच कळायचं नाही." सही वरच्या कोऱ्या पट्टीत असायची, कारण खाली ठिपक्यांवर पेन अडखळतं. शाईची प्रत मागाहून व्हायची.

चौथीच्या रोझिल्दाबाई मधल्या सुट्टीत भेटल्या. ही मुलं माझ्या वर्गात नकोत, असं बैठकीत उभं राहून म्हणणाऱ्या याच. वेवानं त्यांच्यापुढे खिरीची वाटी आपटली.

"तुम्हाला नकोच होती ना पोरं? झालं मनासारखं."

"वाटी नीट ठेव," रोझिल्दाबाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात चौतीस पोरं आहेत आणि मला हात दोन. मी मदतनीस मागितली होती, पोरांना हाकला म्हणाले नव्हते. आणि एवढा तपास करायला निघालीयस, तर माझ्या पिठाचं बघ की. केकसाठी एक किलो गव्हाचं पीठ आणून शिक्षकांच्या खोलीत ठेवलं होतं. कुणीतरी फोडलं आणि तोंड छान घडी घालून परत ठेवलं."

"पिठाचं काय घेऊन बसलात?"

"आणि ती पांढरी माळ कुणी केली गं? तिसऱ्या खांबावरची. जत्रेत पांढरं कुणी लावतं का? दवाखान्यातल्या बँडेजसारखं दिसतंय."

"रंगीत कागद संपले असतील," म्हणून वेवा पुढे निघाली. पताकांचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

कचेरीत कारकून वाल्देमीर. महापौरांचा पुतण्या. वेवाला पाहून त्यानं दार लावून घेतलं.

"मावशी, तुला वाटतंय मीच. पुतण्या आहे म्हणून. पण ते सतरा कागद मी टंकलेत. ते गेले तर पहिला प्रश्न मलाच विचारणार."

"मग कुणाला फायदा?"

त्यानं दाराची कडी एकदा तपासली. मग हळूच म्हणाला, "काकांची मेहुणी तालुक्याला संस्था काढतेय. अशाच मुलांसाठी. इथली खोली कागदावर बंद झाली की मुलांचा सरकारी खर्च तिकडं जाईल. साठ किलोमीटर."

"आमची पोरं साठ किलोमीटर जाणार कशी?"

"बस घेतलीय. काल रंगवून आली. मी पाहिली." त्यानं नजर खाली घातली. "सतरा सीटची आहे, मावशी."

३

सतरा. म्हणजे फाइल गेल्याचं कळायच्या आधीच कुणीतरी आकडा मोजून बस रंगवली होती.

त्या दिवशी दुपारी वेवानं आणि युनिसीबाईंनी शाळा पालथी घातली. पाण्याची टाकी, जुन्या बाकांची खोली, नाटकाच्या कपड्यांची पेटी, सगळं बघितलं. मोठ्या बाईंनी स्वतःचे खणसुद्धा उघडून दाखवले. "माझेही बघा," त्या म्हणाल्या, "म्हणजे उद्या कुणी बोलायला नको." काही सापडलं नाही.

संध्याकाळी युनिसीबाई यंत्रापुढे नुसत्या बसून होत्या.

"परत लिहा," वेवा म्हणाली. "आया सह्या करतील. आत्ता बोलावते."

"तारीख काय घालू?"

"मार्चची घाला."

"नाही घालणार." युनिसीबाईंचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी एक खोटी ओळ लिहिली नाही. चोरी त्यांनी केली आणि खोटं मी बोलायचं? खोली गेली तर जाऊ दे. पण ती माझ्या सहीनं जाणार नाही."

वेवाला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. घरी जाताना दाल्वानं तिचा हात धरला होता, आणि उद्या हाच हात दुसरं कुणी धरलं तरी पोर अशीच चालेल, हा विचार तिला चिरत गेला. ज्यांनी ही बस रंगवली त्यांना मी सुखानं झोपू देणार नाही, असं ती रस्त्यात मोठ्यानं म्हणाली. समोरून येणारा पाववाला बाजूला झाला.

शुक्रवारी पहाटे ती मक्याचं पातेलं घेऊन अंगणातून चालली होती, तेव्हा पाय मुंग्यांवर पडला. तिसरा खांब. काल झाडलेली रांग पुन्हा तिथंच आणि दुप्पट जाड.

वेवा वाकून बघत राहिली. खाली काही सांडलेलं नव्हतं. मुंग्या वर जात होत्या.

स्वयंपाकघरात तिचं आणि मुंग्यांचं वैर पंचवीस वर्षांचं. मुंगी कधी उगाच चढत नाही. पताकांची खळ खायला चाललेल्या म्हणाव्यात, तर ती खळ सोमवारी वेवानंच करून दिली होती. गोमाची, म्हणजे साबुदाणा ज्याचा होतो त्या मंडियोकाच्या कंदाच्या पांढऱ्या सत्त्वाची, आणि त्यात नेहमीप्रमाणे लवंग नि व्हिनेगर. त्या खळीकडे मुंगी ढुंकून बघत नाही. बाकी सात खांब स्वच्छ होते. तिसऱ्या खांबाला मात्र दोन माळा बांधल्या होत्या, एक रंगीत आणि सगळ्यांत वर, छपराला टेकलेली, एक पांढरी.

रांग रंगीत माळेवरून न थांबता पुढे गेली आणि पांढरीत शिरली.

वेवानं शिडी लावली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखणारे, पण ती एका दमात चढली. पांढऱ्या पताकेला बोट लावलं आणि ते तिथंच थांबलं. कागद जाड होता. त्यावर बारीक बारीक ठिपके होते.

४

तिला ओरडावंसं वाटलं. तिनं ओठ दाबून धरले.

अडुसष्ट पताका. खाली मधोमध कात्रीनं छाट दिलेली, वरची कड दोऱ्यावर दुमडून चिकटवलेली. वरची कड, म्हणजे सह्यांची पट्टी. ती दुमडीच्या आत गेली होती. खालून बघणाऱ्याला दिसणार नाही, आणि युनिसीबाईंचा हात इथवर पोचणार नाही. संध्याकाळी होळी पेटली की अगेनोरदादा सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हातानं हे सगळं जाळणार, आणि टाळ्या पडणार. ज्यानं कुणी हे योजलं त्याला गेटमधून काही न्यायचंच नव्हतं.

वेवानं दुमडीवरची खळ नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली.

गहू.

ती शिडीवर तशीच उभी राहिली. पेद्रा मान्सात गव्हाची खळ कोण करतं? इथं पोर रांगायला लागल्यापासून गोमा बघतं. पतंग चिकटवायचा गोमानं, कपड्यांना कांजी गोमाची, न्याहारी गोमाची. गव्हाच्या पिठाचा केक होतो, पाव होतो. त्याची खळ होते हेच इथल्या माणसाला सुचणार नाही. रोझिल्दाबाईंचं फोडलेलं पाकीट, घडी घातलेलं तोंड. सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघराला कुलूप होतं, म्हणून गोमाची खळ मिळाली नाही. शिक्षकांच्या खोलीत पीठ होतं आणि पाणी तापवायची किटली होती.

तिला कळून चुकलं. पण कळणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. ती खाली उतरली, शिडी जागेवर ठेवली आणि कामाला लागली.

ओट्यावर तिनं दोन डबे उघडे ठेवले, एकात गोमा आणि एकात गव्हाचं पीठ. मग हाताला मक्याचा लगदा फासून चौघांना एकेक करून हाक मारली. "जरा दोन पताका सुटल्यात हो, माझे हात भरलेत. वाटीभर खळ करून देता का?"

अगेनोरदादांनी गोमा घेतला. रोझिल्दाबाई कुरकुरल्या, आणि गोमा घेतला. वाल्देमीरनं गोमा घेतला, तोही इतका, की गावाला पुरेल.

चौथी व्यक्ती हसत हसत आत आली. "एवढंच ना, मावशी?" म्हणाली आणि हात सरळ गव्हाच्या डब्यात घातला.

५

तीन वाजता अंगण माणसांनी भरलं होतं. मुलींचे ठिगळ लावलेले घागरे, मुलांच्या गवती टोप्या, कढईत मका. तपासनीस लौरिवालसाहेब राजधानीहून आले होते. बारीक अंगाचा, चष्मेवाला, कुणाकडून पाणीही न घेणारा माणूस. त्यांच्या शेजारी नगरपालिकेचे शिक्षणाधिकारी ओस्मारसाहेब, हातात बदलीचे सतरा छापील अर्ज.

"फाइल हरवली आहे," मोठ्या बाई खाली बघत म्हणाल्या.

"मग मला खोली बंद धरावी लागेल," लौरिवालसाहेबांनी पेन काढलं. "माझा इलाज नाही. कागद नाही म्हणजे मूल नाही."

"साहेब," वेवा हात पुसत पुढे आली. "कागद आहेत. डोकं वर करा."

सगळ्या अंगणानं डोकं वर केलं. अगेनोरदादांनी शिडी लावली आणि पांढरी माळ खाली घेतली. वेवानं तिचं टोक युनिसीबाईंच्या हातात दिलं.

युनिसीबाईंचं बोट पहिल्या पताकेवर ठरलं. त्यांचा चेहरा बदलला. मग त्या वाचू लागल्या, स्पष्ट आणि मोठ्यानं. "जोसियास. वय आठ. बारा मार्च. 'याला घंटेचा आवाज सोसत नाही. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याला बाहेर न्यायचं.'"

"माझा!" गर्दीतून लिंदिनाल्वा ओरडली. जोसियासची आई. बाजारातून थेट आलेली, कमरेला अजून फडकं.

"पाठ असेल त्यांना," ओस्मारसाहेब म्हणाले.

लौरिवालसाहेबांनी माळेच्या मधलीच एक पताका पकडली आणि युनिसीबाईंच्या बोटाखाली सरकवली. मग शेवटाकडची एक. मग आणखी एक, उलटी. युनिसीबाईंनी ती सुलटी केली आणि वाचली. दर वेळी गर्दीतून कुणी ना कुणी म्हणायचं, "माझी!" "आमचा!" आणि म्हणणारं माणूस पुढे येऊन उभं राहायचं.

"ठीक," साहेब म्हणाले. "पण सह्या?"

"सगळं वाचून झालं का, युनिसीबाई? कारण पाणी लागलं की ठिपके बसतात," वेवा म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. तिनं कोमट पाण्यात बोट बुडवून पहिल्या पताकेची दुमड भिजवली. खळ सुटली. कड उलगडली. आत निळ्या पेनानं लिंदिनाल्वाचं वाकडंतिकडं नाव होतं. मग दुसरी. तिसरी. चौथ्या आराखड्यावर चाळिसाव्या वर्षी रात्रशाळेत शिकलेली मोठमोठी अक्षरं होती, जेनोवेवा, दाल्वाची आजी. ती पताका वेवानं साहेबांसमोर धरली.

"पोरांचा खोडसाळपणा असणार," ओस्मारसाहेब घाईनं म्हणाले. "सापडलं ना? मिटलं."

"मिटलं कसं? पोरं अडुसष्ट पताका एका मापानं कापतील? बरोबर सह्यांची कड आत दुमडतील?" वेवा त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. गेटवरची झडती. बाहेर जाऊ न शकणारा गठ्ठा. संध्याकाळची होळी. फोडलेलं पिठाचं पाकीट. मुंग्या. "आणि ही खळ गव्हाची. इथं जन्मलेलं माणूस खळीला गहू घेत नाही, साहेब, हाताला तशी सवयच नाही. आज सकाळी मी चौघांना खळ करायला सांगितली. तिघांनी गोमा घेतला." ती वळली. "मोठ्या बाई, तुम्ही मला पाच वर्षं चांगलं वागवलंत. मी तुमच्यासाठी रोज दोन पाव ठेवले. तुम्हीच सांगा."

मार्लुसेबाईंनी तोंडावर हात धरला.

"माझ्या नेमणुकीचं पत्र दर जानेवारीला येतं," त्या शेवटी म्हणाल्या. "या वेळी ते म्हणाले, येणार नाही. फाइल असली तर येणार नाही. शाईचे कागद मी घरी जाळले. हे मला नेता येईना." त्या रडू लागल्या. "मला वाटलं, संस्था चांगली असेल. मी स्वतःला तसं सांगितलं."

"कोण म्हणालं, नाव घ्या," लौरिवालसाहेबांचं पेन थांबलं होतं.

मार्लुसेबाईंनी नाव घेतलं नाही. त्यांनी नुसतं ओस्मारसाहेबांकडे बघितलं, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या अंगणानं बघितलं.

"तुमची खुर्ची गेली असती, बाई," वेवा म्हणाली. ती ओरडली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. "खुर्ची दुसरी मिळते. माझ्या दाल्वाला हे दार एकच होतं."

६

ओस्मारसाहेब मुरलेला गडी. त्यांनी घाम पुसला आणि हसले. "बरं बाबा. कागद आहेत, मान्य. बाईंच्या मनात काय आलं त्याला मी काय करणार? पण बस उभी आहे, संस्था मोठी आहे. आईबापांनी आजही अर्ज भरले तर कायदा आडवा येत नाही. आणि पोरांचं म्हणाल तर त्यांना इकडे काय नि तिकडे काय. कुणी हात धरला की चालतात बिचारी."

ते खाली बसले. समोर दाल्वा उभी होती, ठिगळांच्या घागऱ्यात, कमरेला पिशवी. त्यांनी खिशातून खोबऱ्याची वडी काढून तिच्यापुढे धरली आणि दुसरा हात पुढे केला. "काय गं, येणार ना मोठ्या बसमधून?"

दाल्वानं वडी घेतली आणि तोंडात टाकली. ओस्मारसाहेबांनी वर बघून सगळ्यांना हसून दाखवलं.

वेवा पुढे झेपावणार होती. लिंदिनाल्वानं तिचा दंड धरला.

दाल्वानं वडी शांतपणे संपवली. मग पिशवीत हात घातला. एक कार्ड काढलं, बघितलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. ते लाल होतं. ते तिनं ओस्मारसाहेबांच्या पुढे केलेल्या तळहातावर ठेवलं आणि आपल्या छोट्या हातानं दाबलं, पडू नये म्हणून.

लिंदिनाल्वानं वेवाचा दंड सोडला.

"काय झालं?" युनिसीबाईंनी विचारलं. माळ अजून त्यांच्या हातात होती. "सगळे गप्प का? वेवा, काय झालं?"

वेवा त्यांच्याजवळ गेली. "चौथा आराखडा काढा, बाई," ती म्हणाली. "दाल्वाचा. दुसरी ओळ वाचा."

युनिसीबाईंची बोटं ओल्या दोऱ्यावरून सरकत गेली, मोजत, थांबत, आणि मिळाली.

"'या वर्षात दाल्वा स्वतःहून नाही म्हणायला शिकेल.'" त्यांनी मान वर केली, जिकडे पेनाचा आवाज होता तिकडे. "लिहून घ्या, साहेब. ही ओळ झाली."

लौरिवालसाहेबांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी होळी पेटली तेव्हा रंगीत पताका सगळ्या गेल्या. पांढरी माळ स्वयंपाकघरात चुलीपासून लांब वाळत होती, आणि दारात आळीपाळीनं सतरा आया राखणीला बसल्या होत्या.